पोचं चरित्र वाचताना पावत्या कशा तपासायच्या

एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन कवी आणि कथाकार एडगर ॲलन पो याच्याबद्दल काहीही वाचायला घ्या, पहिल्या दोन परिच्छेदांत तीन शब्द ठरलेले असतात: दारुडा, वेडसर, कमनशिबी. माझ्या पुतणीला एम.ए.ला पोवर सेमिनार द्यायचा होता. तिनं बाजारातून आणलेल्या गाइडमध्येही हेच होतं आणि एकाही वाक्याला आधार दिलेला नव्हता. मी नोकरीभर इचलकरंजी आणि आसपासच्या गावांत सहकारी पतसंस्थांची ऑडिटं केली. आमच्याकडे नोंद दिसली की पुढचा प्रश्न एकच, व्हाउचर, म्हणजे त्या नोंदीची पावती, कुठाय? व्हाउचर नसेल तर नोंद खोटीच आहे असं कोणी म्हणत नाही, पण ती धरून पुढची बेरीजही करत नाही. पो मला कॉलेजपासून प्रिय आहे आणि त्याच्या नावावर इतकी वर्षं बिनपावतीच्या नोंदी पडत आल्या आहेत याचा मला मनापासून राग येतो. म्हणून पुतणीला जी पद्धत शिकवली ती इथं मांडतो. सेमिनार असो, लेख असो की नुसती आवड, तुम्हालाही ती वापरता येईल.

एक लांब पानांची वही घ्या आणि चार रकाने आखा: तारीख, काय घडलं, कोणी सांगितलं, कधी सांगितलं. खरं काम चौथ्या रकान्यात होतं. घडलं त्या आठवड्यात लिहिलेला कागद आणि वीस वर्षांनी सांगितलेली आठवण एका भावात धरायची नाही.

सुरुवात जन्मापासून करू नका, मृत्यूपासून करा. गैरसमजाचं मूळ तिथंच आहे. पो ७ ऑक्टोबर १८४९ रोजी बाल्टिमोरच्या एका हॉस्पिटलात वारला. ९ तारखेला न्यूयॉर्कच्या ट्रिब्यून या वृत्तपत्रात ‘लुडविग’ अशी सही असलेला मृत्युलेख आला. त्यात म्हटलं होतं की ही बातमी ऐकून पुष्कळांना धक्का बसेल, पण दुःख फार थोड्यांना होईल. लुडविग म्हणजे रूफस ग्रिसवोल्ड. फिलाडेल्फियाच्या ग्रॅहॅम्स मॅगझिनमध्ये १८४२ साली पोनं सोडलेल्या खुर्चीवर बसलेला हाच संपादक. त्यानं निवडलेल्या अमेरिकन कवितांच्या संग्रहावर पोनं उघड टीका केली होती, ती तो विसरलेला नव्हता. आणि पोच्या मागे त्याची पुस्तकं छापण्याचं काम याच माणसाच्या हाती गेलं! १८५० साली त्यानं त्या पुस्तकांना पोचं चरित्र जोडलं. पुढं बरीच वर्षं पोबद्दल लिहिणारे लोक या चरित्रावरूनच उतरवत राहिले.

लबाडी कशी पकडली गेली ते नीट बघा, कारण तुम्हालाही हेच करायचं आहे. आर्थर हॉब्सन क्विन या अभ्यासकानं १९४१ साली पोचं मोठं चरित्र प्रसिद्ध केलं. ग्रिसवोल्डनं छापलेली पोची पत्रं त्यानं मूळ पत्रांशेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडली. मुळात नसलेली वाक्यं छापील पत्रांत होती. ग्रिसवोल्डची स्तुती करणारी, त्याचे आभार मानणारी वाक्यं पोच्या तोंडी घातलेली होती. आमच्या भाषेत कीर्द, म्हणजे रोजच्या नोंदींची वही, एक सांगते आणि पावती दुसरंच. अशा वेळी त्या कारकुनाच्या बाकीच्या नोंदीही बाजूला काढतात. तुम्हीही ग्रिसवोल्डच्या नावावर येणारं प्रत्येक वाक्य बाजूला काढा. दुसरीकडून पुरावा मिळाला तर परत घ्या, नाही तर राहू द्या.

मात्र याच्या उलट चूकही होते. ग्रिसवोल्ड खोटा ठरला की लोक पोला संत करून टाकतात. त्यानं दारू घेतलीच नाही, सगळी बदनामी आहे, असं म्हणतात. तसं नाही. पो जिथं काम करायचा त्या रिचमंडच्या सदर्न लिटररी मेसेंजर मासिकाचा मालक थॉमस व्हाइट यानं सप्टेंबर १८३५ मध्ये पोला पत्र लिहिलं. बाटली सोडणार असशील तर परत ये, पुन्हा प्यायलास तर आपला संबंध संपला, असा त्याचा मथितार्थ आहे. हे पत्र त्याच वेळचं आहे, मालकाचं आहे आणि त्यात द्वेष नाही, उलट काळजी आहे. हे व्हाउचर पक्कं. २७ ऑगस्ट १८४९ रोजी, मरणाच्या जेमतेम सहा आठवडे आधी, पोनं रिचमंडमध्ये दारूबंदीवाल्या संघटनेत शपथ घेतली, हीसुद्धा नोंद आहे. तेव्हा दारूची नोंद वहीत येईल, पण तारखेसकट येईल. ‘तो दारुडा होता’ या वाक्याला तारीख नसते, म्हणून ते धरायचं नाही.

आता उलट बाजूची पावती बघा. मृत्युलेखानंतर काही दिवसांतच एन. पी. विलिस या संपादकानं उत्तर छापलं. पो त्याच्या हाताखाली इव्हिनिंग मिररमध्ये काम करत होता. विलिसनं लिहिलं की तो सकाळी नऊला टेबलाशी बसायचा आणि संध्याकाळचा अंक छापायला जाईपर्यंत उठायचा नाही. हा जवळपास हजेरीपटच म्हणायचा. विलिस पोचा मित्र होता, तेवढी कसर धरा. पण हाताखालच्या माणसाबद्दल, तो गेल्यावर, जाहीरपणे असं लिहायला त्याला कोणी भाग पाडलेलं नव्हतं.

त्याहून जुना एक कागद मला फार आवडतो. १८२७ मध्ये घर सोडून आलेल्या पोनं बोस्टनमध्ये सैन्यात नाव घातलं, तेही ‘एडगर ए. पेरी’ असं. वय २२ सांगितलं, होता १८ वर्षांचा. तिथं त्याला कंपनीचा कारकून केलं, रसदीच्या खात्यात मदतीला घेतलं आणि १ जानेवारी १८२९ ला तो सार्जंट मेजर झाला. साध्या शिपायाला अधिकारी न होता मिळू शकणारी ही सगळ्यात वरची जागा. पुढं वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीसाठी त्याच्या अधिकाऱ्यांनी शिफारसपत्रं दिली. त्यात लेफ्टनंट हॉवर्डनं वर्तणूक चांगली असल्याचं आणि दारूची सवय नसल्याचं लिहून दिलं. वीस वर्षांच्या पोरानं रसदीचा हिशेब चोख ठेवला, ही गोष्ट गाइडवाले का गाळतात मला कळत नाही. वेस्ट पॉइंटला मात्र त्याचं बिनसलं. कवायती आणि तास बुडवून त्यानं कोर्टमार्शल ओढवून घेतलं आणि १८३१ मध्ये त्याला काढून टाकलं.

वहीची दुसरी बाजू जमाखर्चाची. इथं घाई करू नका. पोच्या आयुष्यात भुतांपेक्षा पैशानं जास्त छळलं आहे असं माझं ठाम मत आहे.

त्याचे आईबाप नाटकवाले. बाप सोडून गेला, आई डिसेंबर १८११ मध्ये रिचमंडला वारली, तेव्हा पो तीन वर्षांचाही नव्हता. जॉन ॲलन या तंबाखूच्या व्यापाऱ्यानं त्याला घरी नेलं, वाढवलं, इंग्लंडमध्ये शाळेत घातलं, पण रीतसर दत्तक कधीच घेतलं नाही. १८२५ मध्ये काकाच्या वारशानं ॲलन मोठा धनवान झाला. पुढच्याच वर्षी पो व्हर्जिनिया विद्यापीठात गेला. पोनं नंतर ॲलनला लिहिलेल्या पत्रात हिशेब मांडला आहे: वर्षाचा खर्च कमीत कमी ३५० डॉलर, तुम्ही हातावर ठेवले ११०. तिथून उधारी, उधारी फेडायला जुगार, आणि वर्षाअखेर सुमारे २००० डॉलरचं देणं. हे पत्र एका बाजूचं आहे. समोरच्या पार्टीची शिल्लक पुष्टी, म्हणजे रकमेला लेखी दुजोरा, नाही. म्हणून रकान्यात ‘पोच्या म्हणण्यानुसार’ एवढं लिहा. पण ॲलन १८३४ मध्ये वारला आणि मृत्युपत्रात पोला छदामही ठेवला नाही, याला पोच्या साक्षीची गरज नाही.

मग लेखणीवर पोट. मेसेंजरमध्ये आठवड्याला साधारण १० डॉलर, पुढं फिलाडेल्फियात बर्टनच्या मासिकात १०, ग्रॅहॅमकडे वर्षाला ८००. हाच त्याचा त्यातल्या त्यात सुखाचा काळ. १८३९ च्या अखेरीस त्याच्या कथांचा दोन भागांतला पहिला संग्रह निघाला, त्यात ‘द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर’ होती. प्रकाशकानं मोबदला म्हणून दिल्या फक्त काही प्रती. त्याच वर्षी शंख-शिंपल्यांवरच्या एका शालेय पुस्तकावर त्याचं नाव लागलं, आणि त्याच्या हयातीत अमेरिकेत दुसरी आवृत्ती निघाली ती एवढ्या एकाच पुस्तकाची! १८४३ मध्ये ‘द गोल्ड-बग’ या कथेला १०० डॉलरचं बक्षीस मिळालं. जानेवारी १८४५ मध्ये ‘द रेव्हन’ ही कविता छापून आली, ती पोरासोरांच्या तोंडी झाली, पण कवीच्या पदरात फार तर पंधरा डॉलर पडले. सैन्यात जाण्याच्या सुमारास बोस्टनमध्ये त्यानं ‘टॅमरलेन’ नावाचं कवितांचं लहानसं पुस्तक काढलं होतं, लेखकाच्या जागी नुसतं ‘एक बोस्टनकर’. त्याच्या आज बाराच प्रती माहीत आहेत आणि २००९ मध्ये एका प्रतीला लिलावात साडेसहा लाख डॉलरहून जास्त किंमत आली.

असं का झालं ते रकान्याबाहेर एका ओळीत लिहून ठेवा. त्या काळी अमेरिकेत परदेशी लेखकाला कॉपीराइट नव्हता. इंग्लंडच्या गाजलेल्या कादंबऱ्या फुकट उचलून छापता येत असताना प्रकाशक घरच्या लेखकाला पैसे कशाला मोजेल? पोला हे कळत होतं. म्हणूनच तो जन्मभर स्वतःच्या मासिकासाठी धडपडला. ‘पेन’ नाव ठरवलं, मग ‘स्टायलस’, जाहिरातपत्रकं काढली, वर्गणीदार शोधले. दोन्ही निघाली नाहीत. एकच नियतकालिक त्याच्या मालकीचं झालं, ब्रॉडवे जर्नल हे साप्ताहिक, १८४५ मध्ये. त्यासाठी त्यानं ५० डॉलरची हुंडी लिहून दिली आणि जामीन राहिला ट्रिब्यूनचा संपादक होरेस ग्रीली. साप्ताहिक जानेवारी १८४६ मध्ये बंद पडलं आणि पैसे ग्रीलीला भरावे लागले. ही थकबाकी पोच्याच नावावर टाकायची. आपला आवडता लेखक आहे म्हणून माफ करायची नाही.

लग्नाचंही तसंच. १६ मे १८३६ ला पोनं आतेबहीण व्हर्जिनियाशी लग्न केलं. तो २७ चा, ती १३ ची. लग्नाच्या कागदावर ती २१ ची असल्याचं शपथेवर लिहिलेलं आहे. कागद अस्सल, मजकूर खोटा. असे कागद मी खूप पाहिलेत. ‘तेव्हा असंच चालायचं’ म्हणून पुढं जाऊ नका. तेव्हा असंच चालत असतं तर वय खोटं लिहावं लागलं नसतं.

पो स्वतःबद्दलही धडधडीत खोटं सांगायचा. १८४१ मध्ये त्यानं ग्रिसवोल्डलाच स्वतःची माहिती लिहून दिली. त्यात जन्मसाल १८११ टाकलं, ग्रीसच्या स्वातंत्र्ययुद्धासाठी निघालो होतो आणि सेंट पीटर्सबर्गमध्ये अडचणीत सापडलो, असंही लिहिलं. प्रत्यक्षात त्या काळात तो सैन्याच्या हजेरीवर होता. म्हणजे खातेदारानं दिलेली माहितीही तपासायची. दगडावर कोरलेलं आहे म्हणूनही गप्प बसायचं नाही. बाल्टिमोरला त्याच्या थडग्यावर १८७५ मध्ये जे स्मारक उभं राहिलं त्यावर जन्मतारीख २० जानेवारी आहे. खरी तारीख १९.

आता मी पुतणीला सगळ्यात आधी वाचायला लावलेला कागद. ७ एप्रिल १८४४, न्यूयॉर्क. पो आणि व्हर्जिनिया आदल्या दिवशी फिलाडेल्फियाहून आलेत, आणि पोनं आत्याला, म्हणजे सासूबाई मरिया क्लेमना, पत्र लिहिलंय. पाऊस होता म्हणून बायकोला बोटीवरच बसवून खोली शोधायला गेलो. खाणावळीतला चहा कडक आणि गरम. गव्हाचा पाव, राईचा पाव, चीज, हॅमची ताटं, थंड वासराचं मटण डोंगरासारखं रचलेलं. सकाळी कॉफी, अंडी, लोणी. पोटभर जेवायला मिळाल्याचा आनंद त्या ओळींतून नुसता वाहतोय. व्हर्जिनियाला खोकला जवळपास आला नाही, रात्री घाम फुटला नाही. माझी पँट खिळ्याला अडकून फाटली, ती आत्ता शिवत बसली आहे. मी रेशमाची आणि सुताची लड, दोन बटणं, सपाता आणि शेगडीसाठी पत्र्याचं एक भांडं आणलं. साडेचार डॉलर उरलेत. उद्या तीन उसने मिळतात का बघतो, म्हणजे पंधरा दिवस निभेल. एक थेंबही प्यायलेलो नाही.

हे पत्र हळू वाचा. रात्रीचा घाम का मोजतोय? कारण जानेवारी १८४२ मध्ये गाता गाता व्हर्जिनियाच्या तोंडातून रक्त आलं होतं. क्षय. बटणं का मोजतोय? कारण साडेचार डॉलर. आणि ‘एक थेंबही नाही’ हे न विचारता का सांगतोय, तेही उघड आहे. भयकथांचा बादशहा म्हणून ज्याची पोस्टरं लागतात तो माणूस इथं हॅमचे तुकडे मोजतोय. आणि पुढं बघा: १३ एप्रिलला, म्हणजे सहाच दिवसांनी, न्यूयॉर्क सनमध्ये बलूननं अटलांटिक ओलांडल्याची सनसनाटी बातमी आली. साफ बनावट, आणि लिहिणारा पो. पैशासाठी माणूस किती वेगानं आणि किती ताकदीनं लिहू शकतो, हे या दोन तारखा शेजारी ठेवल्यावर कळतं.

व्हर्जिनिया ३० जानेवारी १८४७ ला न्यूयॉर्कजवळच्या फोर्डहॅममधल्या भाड्याच्या घरात वारली, चोविसाव्या वर्षी. पोची आईही चोविसाव्या वर्षीच गेली होती. त्यानंतर जवळजवळ वर्षानं, ४ जानेवारी १८४८ ला, पोनं जॉर्ज एव्हलेथ या वाचकाला पत्र लिहिलं. बायको दर वेळी मरणाच्या दारातून परत यायची, पुन्हा जायची, ती आशा-निराशेची ये-जा मला सोसवली नाही, भान हरपायचं तेव्हा मी प्यायचो, आणि शत्रूंनी दारूमुळे वेड लागलं असं उलटं सांगितलं, असं तो म्हणतो. स्वतःची वकिली आहे, मान्य. पण व्हर्जिनियाच्या आजाराच्या तारखा वहीत वेगळ्या शाईनं भरा आणि पिण्याच्या तारखा त्यांच्या शेजारी लिहून मग ठरवा. आणि याच पाच वर्षांत ‘द टेल-टेल हार्ट’, ‘द ब्लॅक कॅट’, ‘द परलॉइन्ड लेटर’ आणि ‘द रेव्हन’ छापून आले, हेही त्याच पानावर येऊ द्या.

कथांना व्हाउचर समजू नका, हे मात्र निक्षून सांगतो. ‘द टेल-टेल हार्ट’मधला ‘मी’ खून करून फरशीखाली पुरतो म्हणून पोचं डोकं ठिकाणावर नव्हतं, हा तर्क गाइडमध्ये हमखास असतो. ती कथा वाक्यावाक्यानं वाचा. कुठं थांबायचं, कुठं तोच शब्द परत आणायचा, ठोके कुठं वाढवायचे, सगळं मोजून केलेलं आहे. ‘द मर्डर्स इन द रू मॉर्ग’ ही गुप्तहेरकथेची सुरुवात मानली जाते. एप्रिल १८४१ मध्ये ती लिहिणारा माणूस ग्रॅहॅमच्या ऑफिसात पगारावर संपादन करत होता.

फोटोचंही असंच. मिशीवाला, डोळ्यांखाली काळं, तोंड वाकडं झालेला जो फोटो सगळीकडे दिसतो तो नोव्हेंबर १८४८ चा, प्रॉव्हिडन्समधला. अफूचा अर्क जास्त घेऊन तो मरता मरता वाचला, त्यानंतर चारेक दिवसांनी काढलेला. आयुष्यातल्या सगळ्यात वाईट आठवड्यातला चेहरा आपण कायमचा चेहरा करून ठेवलाय. मिशी तर त्यानं शेवटच्या काही वर्षांतच ठेवली. त्याआधीच्या चित्रांत कल्लेवाला, टापटीप माणूस आहे. सेमिनारला स्लाइड लावणार असाल तर दोन्ही लावा आणि खाली तारखा टाका.

राहिले शेवटचे दिवस. २७ सप्टेंबर १८४९ ला त्यानं रिचमंड सोडलं. ३ ऑक्टोबरला, निवडणुकीच्या दिवशी, बाल्टिमोरमध्ये रायनच्या मतदान केंद्रावर तो सापडला. जोसेफ वॉकर या माणसानं डॉ. स्नॉडग्रासला चिठ्ठी पाठवली: एक गृहस्थ बऱ्याच वाईट अवस्थेत आहे, पो असं नाव सांगतो, तातडीनं मदत हवी. स्नॉडग्रास दारूबंदीचा प्रचारक. त्यानं नंतर ही चिठ्ठी छापताना पो ‘जनावरासारखा झिंगलेला’ असल्याचं वॉकरच्या तोंडी घातलं. मूळ चिठ्ठीत ते शब्द नाहीत. उलट हॉस्पिटलच्या डॉ. मोरानची आठवण दरवर्षी लांबत गेली, आणि तो म्हणू लागला की पोच्या अंगाला दारूचा वासही नव्हता. दोघांनाही आपापलं काहीतरी सिद्ध करायचं होतं. मृत्यूचा दाखला आज उपलब्ध नाही. पिसाळलेलं जनावर चावलं, मेंदूत गाठ होती, मतांसाठी गुंडांनी कोंडून दारू पाजली, असे अनेक तर्क आहेत. ते वेगळ्या पानावर लिहा. २७ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर या रकान्यात आम्ही ऑडिट मेमोत लिहितो तसं ‘खुलासा अप्राप्त’ लिहा आणि पुढं चला.

कागद मिळवायचे कुठून? बाल्टिमोरच्या एडगर ॲलन पो सोसायटीनं पोची पत्रं, कथांच्या वेगवेगळ्या आवृत्त्या आणि जुनी चरित्रं इंटरनेटवर मोफत ठेवली आहेत. पत्रांसाठी जॉन वॉर्ड ऑस्ट्रमनं संपादित केलेले खंड आहेत. ‘द पो लॉग’ या १९८७ च्या ग्रंथात त्याचं आयुष्य दिवसागणिक, कागदपत्रांसकट लावलं आहे. आमच्यासारख्यांना हवी तशी ती तयार कीर्द आहे. क्विनचं चरित्र जुनं असलं तरी पहिल्यांदा तेच घ्या. ग्रिसवोल्डचा मृत्युलेखही वाचा, पण सगळ्यात शेवटी, वही भरून झाल्यावर. मग पेन्सिल घेऊन त्यातल्या ज्या ज्या वाक्याला वहीत व्हाउचर सापडत नाही त्याच्यापुढं फुली मारत जा. पुतणीनं सेमिनारला त्या फुल्या मारलेल्या पानाची झेरॉक्स वाटली, आणि तासभर प्रश्न त्यावरच आले.